चार थेंब ॲसिडचं काम

एस्टरिफिकेशनच्या प्रॅक्टिकलचं जर्नल उघडा. कुणाचंही चालेल, कारण मूळ प्रत एकच असते आणि ती आपल्या सीनियर्सच्याही आधीपासून हॉस्टेलवर फिरते आहे. त्यात ‘रोल ऑफ सल्फ्युरिक ॲसिड’ या मथळ्याखाली एक ठरलेली ओळ सापडेल: सल्फ्युरिक ॲसिड हे कॅटॅलिस्ट म्हणून व पाणी शोषून घेणारा पदार्थ म्हणून कार्य करते. वाक्य चूक नाही. पण त्यात दोन वेगळी कामं एकाच दाव्याला बांधलेली आहेत, आणि ती सोडवून बघितल्याशिवाय विषय कळत नाही. व्हायवाला एक्स्टर्नल विचारतात, “ॲसिड दुप्पट टाकलं तर एस्टर दुप्पट मिळेल का?” निम्मा वर्ग ‘हो’ म्हणतो, उरलेला निम्मा सरांच्या चेहऱ्याकडे बघून उत्तर ठरवतो.

मित्रांनो, या प्रश्नाचं उत्तर परीक्षेपुरतं नाही. एस्टर बनवणारा अख्खा प्लँट कसा उभा राहतो, तो किती घाण पाणी बाहेर सोडतो आणि रात्रीतून एखादी बॅच का बिघडते, हे सगळं या उत्तरावर अवलंबून आहे.

आधी एस्टर म्हणजे काय ते पटकन. सेंद्रिय ॲसिड अधिक अल्कोहोल, वजा पाणी. आयसोअमाइल ॲसिटेटला पिकल्या केळ्याचा वास, इथाइल ब्युटिरेटला अननसाचा, मिथाइल सॅलिसिलेटला कंबरदुखीच्या मलमाचा. आपण लॅबमध्ये करतो ते इथाइल ॲसिटेट. ते छपाईच्या शाईत, रंगांत, चिकटवायच्या पदार्थांत आणि औषधांच्या कारखान्यांत सॉल्व्हंट म्हणून लागतं. महाराष्ट्रात त्याचं नातं थेट उसाशी आहे. साखर कारखान्याच्या मळीपासून अल्कोहोल बनतं आणि अल्कोहोलपासून इथाइल ॲसिटेट. कोपरगावजवळच्या साकरवाडीत हे काम चालतं. म्हणजे ज्या शिवारात ऊस, त्याच शिवारात नेलपॉलिश रिमूव्हरचा कच्चा माल.

(एक खुलासा. इथे दोन-दोन ॲसिडं आहेत, त्यामुळे घोळ होतो. ज्याचं एस्टर होतं त्याला मी पूर्ण नावाने ‘ॲसेटिक ॲसिड’ म्हणेन. नुसतं ‘ॲसिड’ म्हटलं की ते चार थेंब समजा.)

आता हे चार थेंब टाकलेच नाहीत तर? ६० ग्रॅम ॲसेटिक ॲसिड आणि ४६ ग्रॅम अल्कोहोल, म्हणजे दोन्ही एकेक मोल, बाटलीत घालून घट्ट बूच लावून ठेवा. रिॲक्शन होते, पण तिच्या सवडीने. खोलीच्या तापमानाला महिनोन्‌महिने जातात. बेर्तेलो आणि पेआँ द सँ-जिल या दोन फ्रेंच रसायनशास्त्रज्ञांनी हे चिकाटीने मोजलं आणि १८६२-६३ साली प्रसिद्ध केलं. त्यांना दिसलं ते असं: एकेक मोल घेतले तर रिॲक्शन साधारण दोन तृतीयांशावर येऊन थांबते. ८८ ग्रॅम एस्टर मिळायला हवं तिथे ५८-५९ ग्रॅमवर गाडी उभी. आणि उलट बाजूने, म्हणजे एस्टर आणि पाणी घेऊन सुरुवात केली, तरी शेवटी तेच मिश्रण मिळतं. नॉर्वेच्या गुल्डबर्ग आणि वागे यांनी १८६४ मध्ये ‘लॉ ऑफ मास ॲक्शन’ मांडला, त्यामागे याच आकड्यांचा मोठा हात होता. सेकंड इयरला आपण जो इक्विलिब्रियम कॉन्स्टंट पाठ करतो तो असा एका बूच लावलेल्या बाटलीतून आला आहे.

इथाइल ॲसिटेटसाठी हा कॉन्स्टंट साधारण ४ धरतात. एस्टर गुणिले पाणी, भागिले ॲसेटिक ॲसिड गुणिले अल्कोहोल, बरोबर ४. चार थेंब टाकल्यावर तो किती होतो? चारच. ॲसिडने वेळ महिन्यांवरून तासांवर येतो, आकडा हलत नाही.

घाटातला बोगदा आठवा. बोगद्यामुळे खोपोलीहून लोणावळ्याला पोचायला कमी वेळ लागतो, पण लोणावळ्याची उंची त्याने कमी होत नाही. आणि बोगदा दोन्ही बाजूंनी उघडा असतो, वर जाणाऱ्या गाड्यांना जितका उपयोगी तितकाच खाली येणाऱ्यांना. हे शेवटचं वाक्य लक्षात ठेवा, पुढे त्याने एका कारखान्याची झोप उडवलेली आहे.

हा बोगदा नेमका कुठे खणला जातो ते बघू. ॲसेटिक ॲसिडमध्ये कार्बनला एक ऑक्सिजन दुहेरी बंधाने जोडलेला असतो (कार्बोनिल) आणि दुसरा ओएचच्या रूपात. अल्कोहोलच्या ऑक्सिजनकडे इलेक्ट्रॉनची मोकळी जोडी आहे आणि ती त्या कार्बनवर जाऊन बसायला हवी. पण हा कार्बन फारसा भुकेला नाही, कारण शेजारचा ओएच आपले इलेक्ट्रॉन त्याला पुरवत राहतो. अल्कोहोलही मवाळच. दोघं समोरासमोर येतात आणि बहुतेक वेळा काही न घडता निघून जातात. ॲसिडचा प्रोटॉन इथे कामाला येतो. तो कार्बोनिलच्या ऑक्सिजनवर बसतो, तो ऑक्सिजन इलेक्ट्रॉन आपल्याकडे ओढतो आणि कार्बन एकदम उघडा पडतो. अल्कोहोल जोडलं जातं. क्षणभर एकाच कार्बनवर तीन ऑक्सिजन अशी गर्दीची अवस्था येते. मग प्रोटॉन इकडून तिकडे सरकतो, एका ओएचवर जाऊन बसतो, आणि ओएचचं पाणी होऊन ते बाहेर पडतं. ओएच आपल्या पायाने कधी निघत नाही, पाणी मात्र सहज निघतं. शेवटी प्रोटॉन सुटून पुन्हा मोकळा. आला तसाच गेला, म्हणून तो कॅटॅलिस्ट. एमिल फिशर आणि आर्थर श्पायर यांनी १८९५ मध्ये ही पद्धत मांडली, म्हणून तिला फिशर-श्पायर एस्टरिफिकेशन म्हणतात.

“पाण्यातला ऑक्सिजन कुणाचा, अल्कोहोलचा की ॲसेटिक ॲसिडचा?” हा प्रश्नही व्हायवात येतो आणि बहुतेकजण अंदाजाने उत्तर देतात. याचा निकाल १९३८ मध्ये रॉबर्ट्स आणि युरी यांनी लावला. (हेच ते ड्युटेरियमवाले, १९३४ चे नोबेलविजेते हॅरॉल्ड युरी.) त्यांनी मिथाइल अल्कोहोलमध्ये जड ऑक्सिजन-१८ वाढवून घेतला आणि बेंझोइक ॲसिडशी त्याची रिॲक्शन केली. जड ऑक्सिजन सापडला एस्टरमध्ये. पाण्यात नेहमीचाच होता. म्हणजे अल्कोहोल आपला ऑक्सिजन सोडत नाही, ओएच जातो तो सेंद्रिय ॲसिडचाच. सगळी मेकॅनिझम पाठ झाली नाही तरी हा प्रयोग लक्षात ठेवा. बाण काढताना कुठला बंध तुटतो हे त्यावरून आपोआप कळतं.

मग ॲसिडच का, कॉस्टिक का नाही? कॉस्टिक टाकलं की ते आधी ॲसेटिक ॲसिडलाच गाठतं आणि त्याचं सोडियम ॲसिटेट करून टाकतं. त्यावर ऋण भार आला. आता अल्कोहोलची इलेक्ट्रॉनची जोडी तिथे जाणार कशाला? त्यामुळे अल्कली एस्टर फोडू शकते, आणि तेही एकतर्फी (साबण असाच बनतो), पण सेंद्रिय ॲसिड आणि अल्कोहोलपासून एस्टर घडवू शकत नाही. बायोडिझेल करणाऱ्यांना ही गोष्ट चांगलीच भोवते. तळून काळं झालेलं तेल किंवा करंजीचं तेल घ्या. त्यात मोकळी फॅटी ॲसिडं बरीच असतात. त्यात नेहमीसारखा अल्कलीचा कॅटॅलिस्ट टाकला तर टाकीत डिझेलऐवजी साबणाचा फेस येतो आणि थर वेगळे होता होत नाहीत. म्हणून आधी मिथाइल अल्कोहोल आणि ॲसिड वापरून त्या फॅटी ॲसिडांचं एस्टर करून घ्यायचं, अल्कलीची पाळी त्यानंतर.

आता जर्नलमधल्या ओळीचा दुसरा भाग: ‘पाणी शोषून घेणारा पदार्थ’. दोन तृतीयांशावर अडकलेली गाडी पुढे ढकलायची तर मार्ग दोनच. एक तर एका बाजूला माल जास्त ओतायचा, नाहीतर दुसऱ्या बाजूचा माल काढून घ्यायचा. पहिल्या मार्गाचं गणित मी करून बघितलं. अल्कोहोल तिप्पट घेतलं तर ॲसेटिक ॲसिडचं रूपांतर ६७ वरून ९० टक्क्यांवर जातं. दहापट घेतलं तर ९७ वर. म्हणजे पहिल्या २३ टक्क्यांसाठी दोन मोल जादा लागले, आणि पुढच्या सात टक्क्यांसाठी आणखी सात मोल. हे जादा अल्कोहोल पुन्हा डिस्टिल करून परत आणायचं असतं, त्याची वाफ कोळशातून येते. तापवून फायदा होईल म्हणाल तर तोही नाही. या रिॲक्शनची उष्णता जवळजवळ शून्य आहे, त्यामुळे तापमान वाढवून कॉन्स्टंट फारसा बदलत नाही. तापवायचं ते वेगासाठी, आणि पाणी उडवून लावण्यासाठी.

पाणी काढणं हा दुसरा मार्ग. सल्फ्युरिक ॲसिड भरपूर टाकलं तर ते पाणी धरून ठेवतं आणि एस्टर वाढतं, हे खरं. पण त्या वेळी ते कॅटॅलिस्टचं काम करत नसतं. ते खर्ची पडत असतं, त्याची गणना कच्च्या मालात करायला हवी. दोन-चार टक्के ॲसिड वेगाला पुरतं, पाणी धरायला मात्र मोठा डोस लागतो, आणि तो डोस शेवटी न्यूट्रल करावा लागतो. एक किलो सल्फ्युरिक ॲसिडला ८०० ग्रॅमच्या वर कॉस्टिक आणि त्यातून सुमारे १.४५ किलो सोडियम सल्फेट. ते पाण्यात विरघळून ईटीपीकडे जातं, आणि ईटीपीतले जिवाणू मीठ खात नाहीत. शिवाय गरम सल्फ्युरिक ॲसिड नुसतं बसून राहत नाही. १४० अंशांच्या आसपास ते अल्कोहोलचं ईथर करतं, १७० च्या आसपास इथिलीन, आणि वाटेत सेंद्रिय पदार्थ जाळून माल तपकिरी करतं. पीव्हीसी मऊ करणारं डीओपी बनवताना गिऱ्हाइकाला माल पाण्यासारखा स्वच्छ लागतो. म्हणून तिथे बरेच उत्पादक सल्फ्युरिक सोडून टायटॅनियमच्या संयुगांकडे वळले, भले तापमान २०० अंशांपर्यंत न्यावं लागो.

पाण्याचं आणखी एक दुखणं आहे, ज्याकडे पुस्तकं फारसं बघत नाहीत. पाणी वाढलं की प्रोटॉन त्यालाच जाऊन चिकटतो. पाणी अल्कोहोलपेक्षा चांगलं यजमान आहे. कार्बोनिलकडे जायला प्रोटॉन मोकळे उरत नाहीत. म्हणजे पाणी उलटी रिॲक्शन तर चालवतंच, वर कॅटॅलिस्टलाही मंद करतं. एरवी सौम्य ॲसिडानेही काम व्हायला हवं होतं. होत नाही ते यामुळेच.

आता तो कारखाना. सुट्टीतल्या ट्रेनिंगला मी एका एमआयडीसीतल्या छोट्या युनिटमध्ये होतो. तिथे ब्युटाइल ॲसिटेट व्हायचं. केटलमध्ये ब्युटाइल अल्कोहोल, ॲसेटिक ॲसिड आणि थोडं सल्फ्युरिक. उकळलं की एस्टर आणि पाणी जोडीने वर येतात, कंडेन्सरमध्ये थंड होतात आणि डिकँटरमध्ये दोन थर पडतात. वरचा थर केटलमध्ये परत, खालचं पाणी बाहेर. लॅबमधला डीन-स्टार्क हाच, फक्त दोन मजली. पाणी यायचं थांबलं की ॲसिड व्हॅल्यू बघायची, सोडा ॲशने धुवायचं, मग डिस्टिलेशन. साधी, गुणी पद्धत. एका रात्री लाइट गेली. पाणी खेचणारा पंप बंद पडला, पण जॅकेटमधली वाफ काही वेळ चालूच राहिली. डिकँटरमधलं पाणी चढत चढत परतीच्या नळीपर्यंत आलं आणि गपचूप केटलमध्ये उतरलं. केटल गरम, आत ॲसिड तसंच. संध्याकाळच्या शिफ्टने लॉगशीटवर बॅच ‘जवळपास पूर्ण’ लिहिली होती. सकाळी ॲसिड व्हॅल्यू बघितली तर ती कितीतरी वर. चांगलं तयार झालेलं एस्टर रातोरात पुन्हा ॲसेटिक ॲसिड आणि अल्कोहोल झालं होतं. शिफ्ट इन्चार्जकाका नमुना हातात धरून एवढंच म्हणाले, “पाणी परत गेलं की बॅच परत जाते, पोरा.” बोगदा दोन्ही बाजूंनी उघडा असतो तो असा. त्या चार थेंबांना आपण एस्टर बनवतोय की मोडतोय हे कळत नाही, समोर पाणी किती आहे एवढंच ठरवतं. सोडा ॲशने धुणं हा मला तोवर शुद्धीकरणाचा सोपस्कार वाटायचा. तो खरं म्हणजे बोगद्याला दार लावण्याचा प्रकार आहे.

हीच उलटी वाट सिनेमाच्या रिळांनाही खाते. जुनी सेफ्टी फिल्म सेल्युलोज ॲसिटेटची, म्हणजे एस्टरचीच. दमट, उष्ण हवेत ती हळूहळू फुटते आणि ॲसेटिक ॲसिड सुटतं. आता गंमत बघा, ते सुटलेलं ॲसिडच पुढच्या फुटण्याला कॅटॅलिस्ट होतं. डब्यातून व्हिनेगरचा वास यायला लागला की पुढचा नाश झपाट्याने होतो, म्हणून याला ‘व्हिनेगर सिंड्रोम’ असं नाव आहे. याच्या अगदी सुरुवातीच्या तक्रारी कोडॅककडे गेल्या त्या भारतातून, १९५० च्या दशकात. आपली हवा बघता नवल नाही. फिल्म थंड आणि कोरड्या खोलीत ठेवतात, वास येणारा डबा बाकीच्यांपासून दूर करतात, ते या चार थेंबांच्याच भीतीने. जुन्या ॲस्पिरिनच्या बाटलीला येणारा आंबट वासही याच जातीचा.

तेव्हा इंजिनिअरचे प्रश्न दोन. पाणी तिथल्या तिथे कसं काढायचं, आणि ॲसिड मालात न सोडता कसं वापरायचं?

दुसऱ्याचं एक उत्तर म्हणजे घन ॲसिड. पॉलिस्टायरीनच्या मण्यांवर सल्फॉनिक ॲसिडचे गट रासायनिक बंधांनी बसवलेले असतात. अँबरलिस्ट-१५ हे त्यातलं गाजलेलं नाव. काम झालं की गाळून घ्यायचं, न्यूट्रल करायला काही उरतच नाही, मीठही नाही. माटुंग्याच्या यूडीसीटीत, म्हणजे आजच्या आयसीटीत, प्रा. मन मोहन शर्मा यांच्या गटाने अशा रेझिनांवर पुष्कळ काम केलं आणि चक्रवर्ती व शर्मा यांचा १९९३ चा रिव्ह्यू आजही लोक उघडतात. पण फुकट काही मिळत नाही. किलोमागे या रेझिनमध्ये साधारण ४.७ इक्विव्हॅलंट ॲसिड बसतं, सल्फ्युरिकमध्ये २० च्या वर. १२० अंशांच्या पुढे त्याचे गट झडायला लागतात. पाईपच्या गंजातलं लोह प्रोटॉनच्या जागा बळकावतं. आणि पाणी इथेही प्रोटॉनना धरून बसतंच.

पहिल्या प्रश्नाचं मला सर्वांत आवडलेलं उत्तर अमेरिकेत टेनेसीमधल्या किंग्सपोर्टला आहे. ईस्टमनला मिथाइल ॲसिटेट हवं होतं, ॲसेटिक ॲनहायड्राइड करायला, आणि ते सेल्युलोज ॲसिटेटसाठी. (म्हणजे पुन्हा तीच फिल्म!) मिथाइल ॲसिटेट पाण्याशीही अझिओट्रोप करतं आणि मिथाइल अल्कोहोलशीही. नेहमीच्या पद्धतीने रिॲक्टरनंतर आठ-नऊ डिस्टिलेशन कॉलम लागत होते. १९८० च्या दशकात त्यांनी हे सगळं एका उंच कॉलममध्ये आणलं. ॲसेटिक ॲसिड वरून सोडायचं, मिथाइल अल्कोहोल खालून, सल्फ्युरिक ॲसिड मधल्या पट्ट्याच्या वरून. प्रत्येक ट्रेवर रिॲक्शन होते आणि तिथेच वेगळं होणंही. ५७ अंशांना उकळणारं एस्टर वर पळतं, पाणी खाली जातं, दोघांची परत गाठच पडत नाही. वरून येणारं ॲसेटिक ॲसिड जाता जाता वर निघालेलं पाणी धुऊन काढतं, त्यामुळे अझिओट्रोपही मोडतो. ॲसिड तेच, कॉन्स्टंटही जिथल्या तिथे, तरी दोन्ही कच्चे माल जवळजवळ मोलास मोल वापरून शुद्ध एस्टर बाहेर येतं.

असा कॉलम आपल्या लॅबमध्ये येणार नाही हे उघड आहे. पण कॉलेजच्या डीएम वॉटर प्लँटमधलं कॅटायन रेझिन याच घराण्यातलं आहे. लॅब असिस्टंटनी त्यातलं मूठभर जुनं रेझिन द्यायचं कबूल केलंय. ते हायड्रोक्लोरिक ॲसिडने हायड्रोजन रूपात आणायचं, नीट धुवायचं, सावकाश वाळवायचं. मग तीन फ्लास्क: एकात काहीच नाही, एकात चार थेंब सल्फ्युरिक, एकात हे रेझिन. दर अर्ध्या तासाने नमुना काढून टायट्रेशन. सल्फ्युरिकवाल्या फ्लास्कमध्ये बाहेरून टाकलेल्या ॲसिडचं रीडिंग वजा करायचं. ज्यांना यायचंय त्यांनी शनिवारी दुपारी ऑरगॅनिक लॅबला या. येताना ब्युरेट स्टँड घेऊन या, तिथले दोन्ही मोडलेत.